अल्पवयीन मुलांच्या पुनर्वसनासाठी पाठपुरावा गट कसा उभारावा

गुन्ह्याच्या आरोपाखाली पकडल्या गेलेल्या मुलाला वर्षभरात पोलीस, वकील, न्यायाधीश, परिवीक्षा अधिकारी (मुलाच्या परिस्थितीची चौकशी करून त्याच्यावर देखरेख ठेवणारे), समुपदेशक, त्याला ठेवलेल्या सुधारगृहाचे म्हणजे संस्थेचे अधीक्षक अशी कितीतरी माणसे भेटतात. पण पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत त्याच्यासोबत असलेले आणि त्याची सगळी हकीकत ठाऊक असलेले माणूस बहुधा एकही नसते. प्रत्येकाची जबाबदारी आपापल्या टप्प्यापुरती असते आणि तो टप्पा संपला की फाइल पुढच्या टेबलावर जाते. २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांपुढे सादर झालेल्या जागतिक अभ्यासानुसार दरवर्षी किमान ४ लाख १० हजार मुले न्यायालयीन कोठड्यांत आणि तुरुंगांत ठेवली जातात. पोलीस कोठडीतली मुले या आकड्यात धरलेली नाहीत.

या मुलांच्या पुनर्वसनासाठी झटणारे पाठपुरावा गट दोन कामे करतात. एकेका मुलाला आधार देणे हे पहिले, आणि ज्या व्यवस्थेतून ते मूल जाते तिच्यात बदल घडवून आणणे हे दुसरे. माझे ठाम मत असे आहे की दुसरे काम पहिल्यातूनच उगवले पाहिजे. ज्या गटाने एकाही मुलाची सुनावणी सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिलेली नाही, त्याच्या मागण्यांना धोरणकर्ते फारशी किंमत देत नाहीत, आणि त्यांचे काही चुकते असेही म्हणता येत नाही. उलट, नुसती मदत करत राहणारा गट तीच अडचण दर नव्या मुलासाठी नव्याने सोडवत बसतो.

जगातले पहिले बाल न्यायालय १८९९ मध्ये अमेरिकेतील इलिनॉय राज्यात, शिकागो ज्या कुक परगण्यात आहे तेथे सुरू झाले. त्यामागे ल्युसी फ्लॉवर, ज्युलिया लॅथ्रॉप यांच्यासारख्या स्त्रियांनी नेटाने केलेला पाठपुरावा होता. कायदा मंजूर झाला, परंतु परिवीक्षा अधिकाऱ्यांच्या पगाराची तरतूद त्यात नव्हती, तेव्हा या कार्यकर्त्या स्त्रियांनी समिती स्थापून निधी जमवला आणि त्यातून ते पगार दिले. कायदा आणि त्याची अंमलबजावणी यांच्यातले हे अंतर आजही तसेच आहे, आणि पाठपुरावा गटाची खरी जागा त्या अंतरातच आहे.

कार्यक्षेत्र आणि माणसे

नव्या गटाने पहिल्या वर्षी एकच न्यायालय किंवा एकच संस्था निवडावी आणि एकाच टप्प्यावर लक्ष केंद्रित करावे. अटकेनंतरचे पहिले दिवस, चौकशी चालू असतानाचा काळ, संस्थेतले वास्तव्य आणि सुटकेनंतरचे महिने हे चार टप्पे एकमेकांपासून इतके वेगळे आहेत की सगळीकडे थोडे थोडे करणाऱ्या गटाला कुठेच नीट उभे राहता येत नाही. टप्पा निवडण्यापूर्वी एक महिना केवळ माहिती गोळा करण्यासाठी द्यावा. आपल्या भागात मुलाला पकडल्यावर त्याला कुठे नेतात, किती तासांत हजर करतात, पालकांना कोण कळवते, वकील कधी भेटतो, जामीन कोणत्या कारणांनी नाकारला जातो, संस्थेतले शिक्षण बाहेरच्या शाळेला मान्य असते का, हे प्रश्न परिवीक्षा अधिकारी, वकील, शिक्षक आणि या वाटेने गेलेल्या कुटुंबांना स्वतंत्रपणे विचारावेत. चौघांची उत्तरे जिथे जुळत नाहीत, तिथे बहुधा कामाची गरज असते.

गटात किमान एक बाल न्यायाचे काम करणारा वकील, एक प्रशिक्षित समुपदेशक आणि शाळांशी बोलू शकेल असा एक शिक्षक असावा. त्याहून महत्त्वाची, आणि सहसा वगळली जाणारी व्यक्ती म्हणजे लहानपणी स्वतः या व्यवस्थेतून गेलेला प्रौढ. त्याला केवळ अनुभवकथनासाठी बोलावू नये. निर्णय घेणाऱ्या बैठकीत त्याचे मत इतरांइतकेच मोजले जावे आणि इतर सल्लागारांना मानधन मिळत असेल तर त्यालाही मिळावे. संस्थेतल्या मुलाला कशाची लाज वाटते, कोणत्या आश्वासनावर त्याचा विश्वास बसत नाही आणि कोणत्या वेळी भेटायला जाऊ नये, हे त्याच्याइतके नेमके दुसरा कोणी सांगू शकत नाही.

स्वयंसेवकांची निवड कडकच असली पाहिजे. ही मुले आधीच प्रौढांच्या सत्तेखाली असतात आणि त्यांच्यातल्या अनेकांनी घरी किंवा कोठडीत अत्याचार सोसलेले असतात, त्यामुळे चांगल्या हेतूवर विसंबून राहणे येथे परवडत नाही. प्रत्येकाची पार्श्वभूमी तपासावी, गोपनीयतेचा लेखी करार करावा, मुलाला एकट्याने बंद खोलीत किंवा स्वतःच्या घरी भेटण्यास मनाई करावी आणि मुलाला तक्रार करायची असल्यास गटाबाहेरची एक विश्वासू व्यक्ती आधीच नेमून तिची माहिती मुलाला द्यावी. एखादा उत्साही आणि गुणी स्वयंसेवक या नियमांना कंटाळून निघून गेला तरी नियम सैल करू नयेत.

कायद्याची किमान तयारी

गटातल्या प्रत्येकाने वकील होण्याची गरज नाही, पण संयुक्त राष्ट्रांचे चार आंतरराष्ट्रीय दस्तऐवज सर्वांनी वाचलेले असावेत. १९८९ च्या बालहक्क संहितेतील कलम ३७ नुसार मुलाला अटकेत ठेवणे हा शेवटचा उपाय असावा आणि तोही शक्य तितक्या कमी काळासाठी असावा. कलम ४० मुलाला समाजात पुन्हा सामावून घेण्याचे उद्दिष्ट स्पष्टपणे सांगते. बाल न्यायाच्या प्रशासनासंबंधीचे १९८५ चे बीजिंग नियम मुलाच्या खासगीपणावर भर देतात. १९९० च्या रियाध मार्गदर्शक तत्त्वांचा रोख गुन्हा घडण्याआधीच्या प्रतिबंधावर आहे, तर त्याच वर्षीचे हवाना नियम कोठडीतल्या परिस्थितीविषयी असून मुलांना एकांतवासाची शिक्षा देण्यास मनाई करतात. याशिवाय संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीने २०१९ मध्ये दिलेल्या २४ व्या सर्वसाधारण टिप्पणीत गुन्हेगारी जबाबदारीचे किमान वय १४ वर्षांपेक्षा कमी नसावे असे सुचवले आहे. आपल्या देशाचा कायदा या मापदंडांना कुठे उतरतो आणि कुठे कमी पडतो याचे एक पानी टिपण वकिलाकडून करून घ्यावे. उदाहरणार्थ, भारताच्या २०१५ च्या बाल न्याय कायद्यात मुलाला नव्याने सुरुवात करता यावी हे तत्त्व नमूद आहे आणि त्याची ओळख उघड करणे हा दंडनीय गुन्हा आहे. अशा तरतुदी असलेल्या देशात गटाने नवा कायदा मागण्याआधी असलेला कायदा पाळला जातो का हे पाहावे.

वकिलाचा आग्रह इतका महत्त्वाचा का आहे हे समजून घेण्यासाठी अमेरिकेतील गॉल्ट खटला जाणून घेतला पाहिजे. ॲरिझोना राज्यात १५ वर्षांच्या एका मुलावर शेजारणीला अश्लील फोन केल्याचा आरोप झाला. सुनावणीच्या वेळी त्याला वकील नव्हता, तक्रारदार बाई समोर आल्या नाहीत, आणि त्याला २१ वर्षांचा होईपर्यंत सुधारगृहात पाठवण्याचा आदेश झाला. हाच गुन्हा प्रौढाने केला असता तर त्याला जास्तीत जास्त ५० डॉलर दंड किंवा दोन महिन्यांची कैद झाली असती. १९६७ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द करून मुलांनाही आरोपांची आगाऊ सूचना, वकील, उलटतपासणी आणि स्वतःविरुद्ध न बोलण्याचा हक्क आहे असे ठरवले. मुलाच्या भल्यासाठी म्हणून त्याचे हक्क बाजूला ठेवले की काय होते, हे या खटल्यात स्वच्छ दिसते, आणि तीच प्रवृत्ती पुनर्वसनाची भाषा बोलणाऱ्या गटांतही शिरू शकते. मुलाला काय हवे आहे हे न विचारता त्याचे हित ठरवणारा गट त्याची बाजू मांडत नसतो.

कोठडीच्या काळातले काम

मुलाला पकडल्याची खबर मिळताच सर्वांत आधी वकील गाठावा आणि पालकांना घेऊन जावे. यानंतर एक नियम कसोशीने पाळावा: स्वयंसेवकाने मुलाशी घटनेविषयी काहीही बोलू नये. वकील आणि अशील यांच्यातल्या संभाषणाला जे कायदेशीर संरक्षण असते ते बहुतेक ठिकाणी स्वयंसेवकाला लागू होत नाही, आणि मुलाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट उद्या साक्षीदाराच्या पिंजऱ्यात सांगण्याची वेळ येऊ शकते. पहिल्या भेटीतच साध्या शब्दांत सांगावे, ‘काय घडले ते मला सांगू नकोस, ते फक्त तुझ्या वकिलांना सांग. तू जेवलास का, झोपलास का, कुठे दुखते आहे का, घरी काय निरोप द्यायचा, हे मला सांग.’ मुलाच्या अंगावर मार दिसला तर तारीख, वेळ आणि दिसलेल्या खुणांचे वर्णन त्याच दिवशी लिहून वकिलाकडे द्यावे आणि वैद्यकीय तपासणीची मागणी लेखी करावी.

या काळातले आणखी एक काम दुर्लक्षित राहते, ते म्हणजे शाळेतली जागा टिकवणे. मूल पंधरा दिवस दिसले नाही की हजेरीपटावरून नाव कमी होते आणि नंतर पुन्हा प्रवेश घेताना तोच मुद्दा आडवा येतो. पालकांच्या सहीने मुख्याध्यापकांना एक पत्र द्यावे, त्यात कौटुंबिक कारणामुळे मूल काही दिवस येऊ शकणार नाही एवढेच लिहावे, प्रकरणाचा उल्लेख करू नये.

जामिनाच्या वेळी न्यायालयापुढे खरा प्रश्न असा असतो की मुलाला सोडले तर त्याच्यावर लक्ष कोण ठेवणार. गटाने सादर केलेल्या पत्राने या प्रश्नाचे उत्तर दिले पाहिजे. ‘मुलगा स्वभावाने चांगला असून त्याला संधी द्यावी’ या वाक्याने न्यायाधीशाच्या हाती काहीच लागत नाही. त्याऐवजी असे लिहावे: ‘मुलगा सोमवार ते शुक्रवार सकाळी शाळेत जाईल. सायंकाळी पाच ते सात या वेळेत तो शिकवणीला उपस्थित राहील आणि शिकवणारी व्यक्ती हजेरी नोंदवील. तो सलग दोन दिवस गैरहजर राहिल्यास परिवीक्षा अधिकाऱ्यांना त्याच दिवशी कळवले जाईल. रात्री तो आजीकडे राहील. आजीची संमती सोबत जोडली आहे.’ अशा पत्रातला प्रत्येक शब्द पाळता येण्याजोगा असावा, कारण एकदा खोटे ठरलेले आश्वासन पुढच्या प्रत्येक मुलाच्या जामिनाला नडते.

सामाजिक तपासणीच्या अहवालासाठी परिवीक्षा अधिकाऱ्याला मदत करायची असेल तर ती वेळेत आणि लेखी करावी. बऱ्याच अधिकाऱ्यांवर इतक्या प्रकरणांचा भार असतो की घरभेटीसाठी त्यांना एक तासही मिळत नाही. मुलाला वाढवण्यात कोणाचा हात होता, शाळा कोणत्या इयत्तेत आणि का सुटली, डोक्याला कधी मार लागला होता का, नशेची सवय आहे का, घरात हिंसा होती का, कोणत्या कामात त्याचा हात बसतो, नातेवाइकांपैकी त्याच्या मनात कोणाविषयी आदर आहे, या प्रश्नांची उत्तरे अहवालात असली तर आदेश वेगळा होऊ शकतो. मुलाच्या बाजूने नसलेली माहिती दडपून ठेवू नये. ती वकिलाला आधी सांगावी आणि काय, कसे मांडायचे हे त्यांनी ठरवावे.

पीडित व्यक्तीचे स्थान

काही गट पीडित व्यक्तीचा विषय टाळतात, जणू तिच्याविषयी बोलणे म्हणजे मुलाच्या विरोधात जाणे. माझ्या मते हा मोठा दोष आहे, कारण आपल्या कृत्यामुळे कोणाचे काय झाले हे कधीच न कळलेले मूल बदलाच्या वाटेवर अर्धवट राहते आणि ज्यांचे नुकसान झाले त्यांनाही न्याय मिळाल्यासारखे वाटत नाही. १९७४ मध्ये कॅनडातील ओंटारियो प्रांतात, एल्मायरा या गावी, दोन तरुणांनी एका रात्रीत २२ मालमत्तांची नासधूस केली होती. एका परिवीक्षा अधिकाऱ्याने न्यायाधीशांना सुचवले की या दोघांनी नुकसान झालेल्या प्रत्येकाला प्रत्यक्ष भेटावे. ते दोघे घरोघरी गेले, झाल्या प्रकाराची कबुली दिली, नुकसानीचा अंदाज घेतला आणि नंतर भरपाई केली. पुढे अनेक देशांत रुजलेल्या समेट कार्यक्रमांची सुरुवात या प्रसंगापासून मानली जाते. न्यूझीलंडने १९८९ च्या कायद्याने कुटुंब परिषद ही पद्धत बाल न्यायाच्या केंद्रस्थानी आणली. मूल, त्याचे कुटुंब, पीडित व्यक्ती आणि पोलीस एकत्र बसून पुढे काय करायचे हे तेथे ठरवतात.

अशी भेट गटाने घडवून आणायची असेल तर तिच्या आधीची तयारी हेच मुख्य काम समजावे. दोन्ही बाजूंशी वेगवेगळे आणि एकाहून अधिक वेळा बोलावे. पीडित व्यक्तीने नकार दिला तर तिला कारण विचारू नये. मुलाला माफीची वाक्ये पाठ करून देऊ नयेत, कारण ती पाठ केलेली आहेत हे समोरच्या माणसाला पहिल्या दोन वाक्यांतच कळते आणि जखम अधिक चिघळते. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणांत विशेष प्रशिक्षण नसलेल्या गटाने हा मार्ग हाती घेऊच नये. भरपाईची रक्कम किंवा काम मुलाला स्वतः पुरे करता येईल इतके असावे. ती पालकांनी भरून टाकली की मुलाचा तिच्याशी काही संबंध उरत नाही.

काय करू नये

मुलांना धाक दाखवला की ती सुधारतात हा समज फार खोलवर रुजलेला आहे. १९७० च्या दशकात अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात अल्पवयीन मुलांना तुरुंगात नेऊन जन्मठेपेच्या कैद्यांकडून घाबरवण्याचा कार्यक्रम सुरू झाला आणि त्याचे अनुकरण अनेक ठिकाणी झाले. पुढे अशा कार्यक्रमांच्या नऊ नियंत्रित चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा त्यात सहभागी झालेल्या मुलांकडून सहभागी न झालेल्यांपेक्षा अधिक गुन्हे घडल्याचे आढळले. म्हणजे काहीच न करणे यापेक्षा बरे होते. एखादी देणगीदार संस्था तुरुंगभेटीसाठी निधी देऊ करत असेल तर हा पुरावा तिच्यापुढे ठेवून निधी नम्रपणे नाकारावा. लष्करी शिस्तीच्या शिबिरांबाबतही हीच सावधगिरी बाळगावी.

याच्या जोडीला दुसरी गोष्ट लक्षात ठेवावी. किशोरवयात गुन्हे करणाऱ्यांपैकी बहुतेक जण वय वाढेल तसे त्यापासून दूर होतात. फिलाडेल्फिया आणि फिनिक्स या शहरांत गंभीर गुन्ह्यांत दोषी ठरलेल्या १,३५४ किशोरांचा सात वर्षे मागोवा घेणाऱ्या अभ्यासात बहुसंख्यांचे गुन्हे काळानुसार लक्षणीयरीत्या घटलेले दिसले, आणि संस्थेत अधिक काळ ठेवल्याने पुन्हा गुन्हा घडण्याचे प्रमाण कमी झाल्याचे दिसले नाही. गटाच्या दृष्टीने याचा अर्थ असा की नैसर्गिकपणे होणाऱ्या या बदलाच्या आड येणाऱ्या गोष्टी दूर करणे हे आपले मोठे काम आहे. तुटलेले शिक्षण, जुन्या नोंदी, कर्ज, घर नसणे आणि लांबलेली कोठडी या त्या गोष्टी होत.

सुटकेनंतरचे महिने

सुटकेची तयारी सुटकेच्या किमान तीन महिने आधी सुरू करावी. सुटकेच्या आगेमागेचा हा सारा काळ मुलाच्या आयुष्यात अतिशय नाजूक असतो, कारण संस्थेत दिवसाचा प्रत्येक तास दुसऱ्याने ठरवलेला असतो आणि बाहेर आल्यावर अचानक सारे तास रिकामे होतात. ओळखपत्र, जन्मदाखला, शाळा सोडल्याचा दाखला, संस्थेत घेतलेल्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र, औषधांची चिठ्ठी आणि पुढच्या तपासणीची तारीख ही कागदपत्रे एका पिशवीत, छायाप्रतींसह, मुलाच्या हाती असावीत. संस्थेच्या नावाचा शिक्का असलेले प्रमाणपत्र नोकरी देणाऱ्याला दाखवता येत नाही, म्हणून प्रशिक्षण देणाऱ्या मंडळाकडून किंवा परीक्षा घेणाऱ्या संस्थेकडून थेट प्रमाणपत्र मिळावे असा आग्रह धरावा. ही मागणी क्षुल्लक वाटते, पण शिकलेले कौशल्य केवळ त्या एका शिक्क्यामुळे निरुपयोगी ठरू शकते.

मूल जिथे राहणार आहे त्या घरी सुटकेपूर्वी जावे आणि रात्री कोण कुठे झोपते इतक्या बारकाईने चौकशी करावी. आईवडिलांची इच्छा असूनही घरात जागा नसेल, सावत्र भावाशी वैर असेल किंवा ज्यांच्या नादाने गुन्हा घडला तेच शेजारी राहत असतील, तर दुसरा नातेवाईक किंवा पश्चात सेवा, म्हणजे सुटकेनंतर आधार, देणारे वसतिगृह शोधावे. पहिल्या पंधरवड्यात रोज, पुढे दोन महिने आठवड्यातून दोनदा आणि नंतर वर्षभर आठवड्यातून एकदा संपर्क ठेवावा, असे मी सुचवेन. तो एकाच स्वयंसेवकाने ठेवावा. मुलाने फोन उचलला नाही तर त्याला रागावणारा निरोप पाठवू नये, दुसऱ्या दिवशी पुन्हा करावा. ते पुन्हा अडचणीत सापडले तरी गटाने त्याला सोडू नये, कारण सुधारणा सहसा एका सरळ रेषेत होत नाही आणि नेमक्या त्याच वेळी त्याला गटाची सर्वाधिक गरज असते.

शाळेत पुन्हा प्रवेश मिळवताना मुख्याध्यापकांच्या भीतीला उत्तर द्यावे लागते. इतर पालक काय म्हणतील, मूल पुन्हा काही करेल का, जबाबदारी कोणाची, हे त्यांचे प्रश्न असतात. शक्य तेव्हा प्रकरणाची माहिती न देताच प्रवेश मिळवावा, आणि ती द्यावीच लागली तर फक्त एका व्यक्तीला, मुलाच्या संमतीने द्यावी. त्याचबरोबर अडचण आल्यास ज्याला फोन करायचा त्या स्वयंसेवकाचे नाव शाळेकडे द्यावे. नोकरीच्या अर्जात पूर्वी गुन्हा नोंदला गेला होता का असा प्रश्न आला तर आपल्या कायद्यानुसार मुलाला काय उत्तर देता येते हे वकिलाकडून लेखी घ्यावे. अनेक देशांत बालपणीची प्रकरणे ठरावीक काळानंतर नष्ट किंवा सीलबंद करता येतात, पण त्यासाठी अर्ज करावा लागतो आणि तो करायचा असतो हेच बहुतेकांना ठाऊक नसते. असे अर्ज भरून देणारा महिन्यातला एक दिवस ठेवला तरी गटाचे मोठे काम होते.

नोंदींपासून धोरणापर्यंत

प्रत्येक मुलासाठी एक पान ठेवावे आणि त्यावर नावाऐवजी क्रमांक असावा. अटकेची तारीख, पहिल्यांदा हजर केल्याची तारीख, वकील पहिल्यांदा भेटल्याची तारीख, पुढे ढकललेल्या सुनावण्या आणि त्यांची कारणे, जामिनाचा निर्णय, संस्थेत किती दिवस, शाळा सुटली का, सुटकेनंतर सहा महिन्यांनी काय स्थिती आहे, एवढ्याच बाबी पण न चुकता लिहाव्यात. नावे आणि क्रमांक यांची जोड दाखवणारी यादी वेगळ्या ठिकाणी कुलपात राहावी. अशी तीस-चाळीस पाने जमली की ती एकत्र वाचावीत. तेव्हा गटाला स्वतःलाच ठाऊक नसलेल्या गोष्टी दिसू लागतात, उदाहरणार्थ जामीन मंजूर होऊनही जामीनदार न मिळाल्यामुळे आत राहिलेली मुले, किंवा वाहन नसल्यामुळे हुकलेल्या सुनावण्या.

नोंदी आणि निरीक्षण यांतून किती मोठी गोष्ट उघड होऊ शकते हे अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्याच्या लुझर्न परगण्यात दिसले. तेथे मुलांना वकिलाविना उभे करून किरकोळ गोष्टींसाठी सर्रास बाल सुधारगृहांत पाठवले जात होते. फिलाडेल्फिया येथील ज्युव्हेनाइल लॉ सेंटर या १९७५ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेकडे कुटुंबांच्या तक्रारी आल्या आणि २००८ मध्ये तिने राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. खासगी सुधारगृहाशी संबंधित मंडळींकडून दोन न्यायाधीशांना पैसे मिळाल्याचे समोर आले आणि २००९ मध्ये हजारो मुलांविरुद्धचे निर्णय रद्द झाले. एखाद्या न्यायालयात मुले वकिलाविना उभी राहत आहेत एवढी साधी नोंददेखील गांभीर्याने घेतली पाहिजे, हा यातला मला महत्त्वाचा वाटणारा भाग आहे.

अधिकाऱ्यांकडे जाताना दोन पानांपेक्षा मोठे निवेदन नेऊ नये. पहिल्या पानावर काय आढळले ते आणि दुसऱ्यावर कोणाच्या अधिकारात काय करता येईल ते लिहावे. ‘व्यवस्था सुधारावी’ ही मागणी नव्हे. ‘सुनावणीच्या दिवशी सकाळी दहापूर्वी वाहन उपलब्ध करण्याची जबाबदारी अमुक पदावरील अधिकाऱ्याकडे द्यावी’ ही मागणी झाली. निवेदन प्रसिद्धीला देण्याआधी संबंधित अधिकाऱ्याला दाखवून त्याचे म्हणणे ऐकावे, कारण त्यातल्या निम्म्या अडचणी त्यालाही सोडवायच्या असतात आणि त्याला कोणीतरी बाहेरून लेखी मागणी करणारे हवे असते. प्रतिसाद मिळाला नाही तर मानवी हक्क किंवा बालहक्क आयोग, लोकप्रतिनिधी आणि शेवटी न्यायालय हे पुढचे टप्पे आहेत. मोठे बदलही घडू शकतात. मॅसॅच्युसेट्स राज्याने १९७० च्या दशकाच्या आरंभी आपली मोठी सुधारगृहे बंद करून मुलांना लहान, समाजातल्या कार्यक्रमांत हलवले. मात्र संस्था बंद करण्याची मागणी करणाऱ्याने ती मुले उद्या सकाळी कुठे असतील याचे उत्तर आधी तयार ठेवावे.

प्रसिद्धी आणि पैसा

मुलाचा चेहरा, नाव, शाळा, गल्ली किंवा प्रकरणाचा ओळखू येईल असा तपशील गटाने कोणत्याही कारणासाठी प्रसिद्ध करू नये. यशोगाथाही याला अपवाद नाहीत. ज्या माणसांवर मुलाचे शिक्षण, जामीन किंवा राहणे अवलंबून आहे त्यांनीच संमती मागितली तर सोळा वर्षांचे मूल नाही म्हणू शकत नाही, म्हणून ती संमती खरी मानता येत नाही. पंधरा वर्षांनी लग्नाच्या किंवा नोकरीच्या वेळी तेच छायाचित्र समोर येते आणि ते मागे घेता येत नाही. प्रौढ झालेल्या व्यक्तीने स्वतःहून बोलायचे ठरवले तर तिला वकिलाचा सल्ला मिळवून द्यावा, काय सांगायचे आणि काय नाही हे तिनेच ठरवावे आणि आयत्या वेळी नकार देण्याची मोकळीक तिला असावी.

आतल्या मुलांच्या संख्येवर ज्यांचे उत्पन्न अवलंबून आहे अशा सुधारगृहचालकांकडून निधी घेऊ नये. वार्षिक अहवालात किती कार्यशाळा घेतल्या याऐवजी किती मुले वकिलासह हजर झाली, किती जण शाळेत परतले आणि वर्षभरानंतर त्यांपैकी किती तेथे टिकले हे लिहावे. संपर्क तुटलेल्या मुलांची संख्याही त्याच पानावर द्यावी.

साथ संपवताना

एक वेळ अशी येते की तरुणाला गटाची गरज उरत नाही, आणि ती वेळ कधी आली हे गटाने एकट्याने ठरवू नये. शेवटच्या तीन महिन्यांत संपर्क हळूहळू विरळ करावा, त्याच्या आयुष्यातली दोन तरी भरवशाची माणसे कोण आहेत हे त्याच्याकडूनच समजून घ्यावे आणि अखेरची भेट ठरवून करावी. त्या भेटीत त्याच्या फाइलमधली मूळ कागदपत्रे यादीनुसार त्याच्या हाती द्यावीत आणि पोच घ्यावी. नाव आणि क्रमांक यांची जोड त्याच्यासमोर नष्ट करावी, स्वयंसेवकाने आपल्या फोनमधली संदेशांची देवाणघेवाण आणि छायाचित्रे काढून टाकावीत, आणि धोरणाच्या कामासाठी राहणाऱ्या निनावी पानावर काय लिहिले आहे ते त्याला वाचून दाखवावे. त्यात त्याला काही चुकीचे वाटले तर ते त्याच बैठकीत दुरुस्त करावे.